आधी बसवलेलं देवक

सोलापूरलगतच्या बाळे गावात खंडोबाच्या देवळामागं पत्र्याच्या घरांची एक ओळ आहे. त्यातलं तिसरं घर मायाक्काचं. सकाळी तिच्या दारावरून जाणाऱ्याला आधी भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा आणि पाठोपाठ मायाक्काचं बोलणं. घरात दुसरं कुणी नसायचं. नवरा टेम्पो घेऊन गेलेला, लेक कामावर गेलेली. मायाक्का बोलायची ती देव्हाऱ्यातल्या खंडोबाशी, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी. "पीठ जुनं झालंय बघ देवा, भाकरी तडकतीया. तू बसलाईस भंडाऱ्यात लोळत, तुला काय कळणार."

माहेर वेळापूरच्या शिवारातलं, शेळ्यामेंढ्यांच्या घरातलं. सासर सांगोल्याकडचं, तेही तसलंच, पण कोरडं. लग्नानंतर नवरा जोतिराम सोलापूरला आला आणि टॉवेलच्या कारखान्याचा टेम्पो चालवायला लागला. मायाक्का कडक भाकऱ्या करून ढाब्यांना द्यायला लागली. कागदासारखी पातळ भाकरी, चुलीशेजारी वाळवून पापडागत कडक केलेली. हाताची रेघ अन् रेघ पिठानं बुजली, पण सोमवारचा उपास आणि रविवारची देवळातली फेरी तिनं कधी चुकवली नाही. देवाधर्माचं जे जसं सांगितलंय ते तसं करायचं, फाटे फोडायचे नाहीत, ही तिची रीत.

एकच लेक, ऋतुजा. शिकली, एका दवाखान्यात बिलं करायच्या कामाला लागली. दोन वर्षांमागं तिचं लग्न ठरलं होतं. मांडवाचे वासे येऊन पडले होते, पाहुण्यांना पत्रिका गेल्या होत्या, आणि जोतिरामाच्या भावकीतला एक म्हातारा गेला. कधीतरी जत्रेत दिसणारा, ऋतुजाला ज्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता असा. पण भावकी ती भावकी. दहा दिवसांचं सुतक आलं आणि लग्नाची तारीख नेमकी त्यात सापडली. लग्न पुढं ढकललं. पुढं ढकललं म्हणता म्हणता मुलाकडच्यांनी फोन उचलायचं बंद केलं. पोरगी अपशकुनी आहे म्हणे. वासे परत गेले. ऋतुजा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेली, आणि त्यानंतर वर्षभर तिनं कुणाच्या लग्नाला म्हणून पाऊल टाकलं नाही. ते वर्ष मायाक्कानं जवळून बघितलं होतं.

आता पुन्हा ठरलं होतं. मुलगा मोहोळचा, दिग्विजय त्याचं नाव, चाकणला कंपनीत होता. माणसं बरी होती. मागचं सगळं सांगूनसुद्धा हो म्हणाली होती. वैशाखातली तारीख धरली. आणि शिमगा झाला तशी गावाकडून आप्पांची बातमी यायला लागली.

आप्पा म्हणजे जोतिरामाचे वडील. गावी धाकट्या लेकाकडं असायचे. धाकटी सून म्हाळसाबाई त्यांचं सगळं करायची आणि एक दिवसाआड मायाक्काला फोन लावायची. "ताई, आज पेज बी घेतली न्हाय." "ताई, रातच्याला दम लागला, आमी सगळी उठून बसलो." प्रत्येक फोननंतर मायाक्का कॅलेंडरावर वैशाखाचं पान काढून बघायची. सासऱ्याची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या काळजीच्या आधी दुसरी काळजी धावत यायची. चुलत भावकीतल्या म्हाताऱ्यानं एक लग्न मोडलं होतं, हा तर सख्खा आजा.

तेवढ्यात एका रविवारी शेजारची शरणम्मा आपल्या लेकाला घेऊन आली. शरणम्मा अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाहेर मराठी बोलायची. लेक अमरेश विम्याचं काम करायचा.

"मावशी, लग्नाचा विमा उतरवून घ्या," अमरेश म्हणाला.

मायाक्काच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "लग्नाचा? माणसाचा ऐकलाय, म्हशीचा ऐकलाय. लग्नाचा विमा म्हंजे काय रं? नवरा बिघडला तर बदलून देत्यात व्हय?"

"तसलं असतं तर मीच पहिल्यांदा उतरवला असता की गं," शरणम्मा म्हणाली. जोतिराम बाजेवर बसला होता, तोही हसला.

अमरेशनं समजावून सांगितलं. मांडवाला आग लागली, वादळ आलं, नवरा-नवरीला अपघात झाला, नाहीतर जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणी गेलं आणि त्यापायी लग्न थांबवावं लागलं, तर हॉल, जेवण, मांडव यांत बुडालेला पैसा कंपनी भरून देते.

"कुणी गेलं तर," मायाक्का म्हणाली.

"आमच्या लिंगायतात हे सुतकबितक नसतंय बघ," शरणम्मा म्हणाली. "लिंग गळ्यात असतंय, मग कसलं सुतक. तुमच्यात एक जण मेला की दहा दिवस सगळ्यांनी मेल्यासारखं बसायचं."

"आमचं आमाला," मायाक्का म्हणाली.

अमरेश एकेक नातं विचारत गेला. मुलीचे आईवडील, म्हणजे तुम्ही दोघं. भाऊबहीण नाही. वडलांकडची आजी? गेली. वडलांकडचे आजोबा? जोतिरामानं खाली बघितलं. "हायत," तो म्हणाला. "पर दम लागतोय."

"मग कंपनीचा डॉक्टर येऊन एकदा बघून जाईल, काका. त्यानं बरं म्हटलं तर त्यांचंही धरतील."

"म्हंजे ह्यो म्हातारा लग्नापातुर टिकतोय का न्हाय, त्ये बघाय डाक्टर येणार?" मायाक्का म्हणाली. "आमच्या आप्पांच्या छातीला नळी लावून?"

अमरेशनं हातातला कागद उलटला. मग, काहीतरी विचारायचं म्हणून, पुढचं विचारलं. "आईकडचे आजोबा?"

"त्ये कवाच गेलं."

"आईकडची आजी?"

आता मात्र मायाक्का खळखळून हसली. "तिचं नाव कशाला रं? आजोळचं सुतक लागतंय व्हय पोरीला? आन् ती म्हातारी अजून शेळ्यांमागं पळतीया. तुला आन् तुज्या कंपनीला पोचवून मागारी येईल."

"पण कंपनीच्या यादीत त्याही आहेत, मावशी. आईची आई म्हणजे रक्ताचंच नातं."

"कंपनीला काय कळतंय आमच्या भावकीतलं? काढ तिचं नाव."

ऋतुजा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, घेऊ या की विमा. तारीख मोडली तर मोडली. या वेळेला निदान बाबांच्या अंगावर तरी सगळं यायला नको. आणि एका सुतकानं पळून जाणारा असला, तर तो गेलेलाच बरा."

"तुला बोलाय काय जातंय," मायाक्का म्हणाली. "इमा पैसं दील. जावई दील का मागारी?"

अमरेश चहा पिऊन, विचार करा म्हणून सांगून गेला.

मायाक्कानं विचार केला. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावताना ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उठली ती ठरवूनच. भाकरी वाढता वाढता जोतिरामाला म्हणाली, "अवो, आपुन देवक आदी बसवू."

देवक म्हणजे कुळाच्या झाडाच्या डहाळ्या. मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणायच्या, मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, बांधायच्या, पुजायच्या. त्या क्षणापासून कार्य देवाच्या ताब्यात जातं. एकदा देवक बसलं की भावकीत कुणी मरो, मांडवाला सुतक शिवत नाही. एरवी ते लग्नाच्या आदल्या दिवशी बसवतात. पण घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की आठ-दहा दिवस आधीही बसवतात, हे मायाक्कानं माहेरी बघितलं होतं.

"ह्योच आपला इमा," ती म्हणाली. "कुणाच्या मरणाचं नाव घ्याय नको, सही कराय नको. देव राखनार."

जोतिराम घास हातात धरून बसला. "देवक बसलं की मांडवाच्या आईबापाला शीव वलांडता येत न्हाय. मयताला जाता येत न्हाय. म्हंजे आप्पांचं काय झालं, तर मी अग्नी द्याय जायाचं न्हाय?"

"धाकलं भावजी हायत की. कुनीबी दिला तरी अग्नी लागतोच."

हे बोलताना तिला काहीच वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं दोन वर्षांमागची ऋतुजा होती. जोतिरामानं तिच्याकडं एकदा बघितलं, ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोची किल्ली खुंटीला अडकवताना तो म्हणाला, "बसीव." तेवढंच.

भटजींनी सगळं पुन्हा एकदा बजावलं. तुम्ही दोघांनी सोलापूरची हद्द सोडायची नाही. मयताचं तोंड बघायचं नाही. घरात रडारड नाही, एक अश्रूसुद्धा मांडवात पडता कामा नये. मधेच उठलात तर देवक उठलं, आणि मग आधी बसवल्याचा काही उपयोग नाही. मायाक्का प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. तिला हे सगळं लग्नाभोवती घातलेल्या कुंपणासारखं वाटत होतं, आणि कुंपण घट्ट असलेलं बरं.

देवक बसलं तो दिवस चांगला गेला. ऊन असं की डांबराला पाय चिकटत होते. मारुतीपासून घरापर्यंत ताशे वाजले, मायाक्का-जोतिरामाच्या डोक्यावर एकच शेला धरला होता, आंबा-उंबराची पानं वाटेतच कोमेजली होती, तरी मेढीला बांधल्यावर ती मायाक्काला फार सुंदर दिसली. तिनं भंडारा उधळला. आता काही होणार नाही, असं तिनं खंडोबाला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तीन-चार दिवसांनी भावाचा, येडूचा, फोन आला.

"आक्का, आई पडली."

"कुटं पडली? बांधावरनं?"

"न्हाय गं. शेळ्या सोडाय गेली आन् दावं हातात धरून तशीच बसली. एक अंग गेलं. बोलना. अकलूजला आनलंय दवाखान्यात. तू ये."

मायाक्का पिठाच्या हातानं फोन धरून उभी राहिली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की पंढरपूरची गाडी किती वाजता आहे. पिशवीकडं हातसुद्धा गेला. मग तिची नजर मेढीवर पडली.

"येडू, मी देवकात हाय रं," ती म्हणाली.

"व्हय की," येडू म्हणाला. "माज्या ध्यानातच न्हाय आलं."

ऋतुजाला कळलं तशी ती म्हणाली, "आई, तू आत्ताच्या आत्ता जा. मला काही होत नाही."

"आन् आप्पांचं काय झालं मग? देवक उठलेलं, सुतक आलेलं. पुन्ना तेच?"

"होऊ दे की तेच."

"तू गप."

तिनं भटजींना फोन लावला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलं तर? आजारी माणसाला बघायला, मयताला नव्हे? भटजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, मी जा म्हणालो आणि वाटेत काही झालं, तर मलाही झोप लागायची नाही. शास्त्र मी सांगितलं. पाऊल तुमचं आहे." मायाक्काला वाटलं, त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

जोतिराम बाजेवर बसून होता. धाकलं भावजी हायत की, हे तिचेच शब्द तो आता परत करील, येडू हाय की म्हणेल, याची ती वाट बघत होती. त्यानं ते म्हटलं नाही. "जायाचं तर जा," एवढंच म्हणाला. "मी कुनालाबी तोंड दीन." त्यानं टोचलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणाच्या भरात कदाचित गेलीही असती.

ती गेली नाही. देवापुढं बसली, भंडारा कपाळाला लावला, आणि आईला लग्नापुरतं सांभाळ म्हणून मागणं मागितलं. लग्नापुरतं. मागून झाल्यावर तिला आपणच काय मागितलं ते कळलं, आणि ती घाईनं म्हणाली, "फुडं बी."

येडूनं व्हिडिओ लावून दाखवली. आधी पंखा दिसला, मग भिंत, मग आईचं तोंड, एका बाजूला ओघळलेलं. "आयव, मी मायाक्का," ती ओरडली. फोनमध्ये जोरानं बोलायची तिची सवय होती. म्हातारीचा डोळा हलला, पण तो फोनकडं नव्हता. दाराकडं होता.

म्हातारी त्यानंतर दोन दिवसांनी गेली. फोन जोतिरामाला आला. तो टेम्पो लावून घरी आला तेव्हा मांडवात बाया जमल्या होत्या. हळद दळायचा दिवस होता. त्यानं मायाक्काला न्हाणीच्या बाजूला बोलावलं. "गेली," तो म्हणाला. "पोरीला आत्ता सांगू नगं. तुला जायाचं असंल तर टेम्पो हाय दारात. मी सोडतो."

"आता कशाला," मायाक्का म्हणाली. "मयताचं तोंड बघायचं न्हाय."

ती परत मांडवात आली. जात्याला पानसुपारी बांधलेली होती, पाच सवाष्णी बसल्या होत्या, आणि गाणं तिनंच उचलायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ओळीत तिच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. त्या गाण्यात घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं गुंफायची असतात. आधी सासरचे, मग माहेरचे. हळद कुणाच्या नातीची, कुणाच्या पुतणीची, कुणाच्या भाचीची. जी माणसं हयात आहेत त्यांचीच नावं घ्यायची. मायाक्कानं खुंटा धरला. आप्पांचं नाव घेतलं. दिरांचं घेतलं. म्हाळसाबाईचं घेतलं. मग माहेर आलं, आईचं नाव यायचं होतं, आणि बाया तिच्या तोंडाकडं बघायला लागल्या. एक फेरा जातं नुसतंच फिरलं.

"बजाबाईच्या नातीची," मायाक्कानं गायलं.

बायांनी ते उचललं. बजाबाईच्या नातीची, बजाबाईच्या नातीची, असं म्हणत हळद पिवळीधमक पडत राहिली. मायाक्काचा आवाज चिरकला नाही. डोळ्यांतून पाणी आलं नाही. नंतर शरणम्मा म्हणाली, "आज लई जाड लागला तुझा आवाज," तर ती म्हणाली, "हळदीची धूळ गेली घशात."

लग्न झालं. काही म्हणता काही कमी पडलं नाही. मामानं मुलीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, तिथं जोतिरामाचा एक मित्र उभा राहिला. "मामा का नाही आला?" ऋतुजानं डोक्यावर अक्षता पडायच्या आधी विचारलं, आणि मायाक्का म्हणाली, "आजीपाशी कुनीतर पायजे की." ऋतुजानं तिच्याकडं बघितलं, पण तेवढ्यात अंतरपाट धरला गेला.

आणि आप्पा आले. गावावरून जीप करून आणलं होतं त्यांना, उशा लावून. मांडवाचा वारा लागला म्हणा, नात उजवल्याचं बळ म्हणा, म्हातारा खुर्चीत ताठ बसला, दोन लाडू खाल्ले, आणि "अजून एक आना की रं, ह्ये बारकं हायत," म्हणून वाढप्यांना हसवलं. सगळे मायाक्काला म्हणत होते, बघ, देवकाचा प्रताप. म्हाळसाबाई तर चार जणींना सांगत होती, आमच्या ताईंचं डोकं बघा, विमावाल्याला वाटंला लावला आन् देव पाठीशी घेतला. मायाक्का मान डोलवत होती. सासरा जगला याचा तिला आनंदच होता. तिनं त्यांना तिसरा लाडू आपल्या हातानं दिला.

देवक उठवल्यावर ती वेळापूरला गेली. हातात हिरवा चुडा, अंगाला हळदीचा वास, नवं लुगडं बदलायचं सुचलंच नव्हतं. बाहेरून येणाऱ्या लेकीला बघितलं की घरातल्या बायांनी हंबरडा फोडायचा असतो आणि लेकीनं उंबऱ्यात बसून घ्यायचं असतं. पण रडून रडून घर केव्हाच थकलं होतं. भावजय पातेलं घासत होती, तिनं नुसतं वर बघितलं.

"या," ती म्हणाली. "लगीन झालं का नीट?"

"झालं."

"बरं झालं. म्हातारीचा जीव दारात अडकला हुता बघा. पर तुमचं बी बराबर हाय. लेकीचं कार्य मोठं."

मायाक्का उंबऱ्यातच बसली. इतके दिवस मांडवात पडू न दिलेलं रडू आता मोकळेपणानं येईल असं तिला वाटलं होतं. वाटेत, पंढरपूरला गाडी बदलताना, तिनं तसं मनाशी ठरवलंही होतं. ते आलं नाही. भावजयीच्या पातेल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

येडूनं तिला आईची जागा दाखवली. अस्थी सावडून झाल्या होत्या, मातीवर पाणी मारलेलं होतं. तो म्हणाला, "आक्का, तुजं नाव घेत हुती गं सारकी. मायाक्काला नीट लगीन करू द्या म्हनाली."

आईची वाचा पहिल्याच दिवशी गेली होती, हे त्यानंच फोनवर सांगितलं होतं. मायाक्कानं ते त्याला आठवून दिलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "म्हनाली असंल."

ऋतुजाला नंतर कळलं. तिचा चाकणहून फोन आला. ती रागावली नाही, रडली, आणि शेवटी म्हणाली, "मला न विचारता माझ्यासाठी करू नकोस असलं काही. मी हे कुठं ठेवू आता?" मायाक्कानं जेवलीस का विचारलं.

सोमवार तिनं सोडले नाहीत. दिवा रोज लागायचा, भाकरीही रोज थापायची. फक्त देव्हाऱ्याकडं तोंड करून बोलणं हळूहळू कमी झालं. देवावर राग धरण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. देवानं सांगितलं तेवढं केलं होतं. राखायला सांगितलं ते लग्न राखलं. देवक बसवताना त्याला दुसऱ्या कुणाला राखायला सांगितलंच नव्हतं, आणि आईकडची आजी म्हणून एका परक्या पोरानं आईचं नाव विचारलं, तर ते तिनंच हसून खोडायला लावलं होतं. भाकरी थापता थापता ती इथवर यायची आणि मग भाकरी करपायची.

दिवाळी झाली. म्हाळसाबाईच्या लेकाचं, प्रभूचं, लग्न ठरलं. आप्पांनी पुन्हा अंथरूण धरलं होतं, या वेळेला खरंच. सोलापुरात बस्ता बांधायला म्हणून म्हाळसाबाई आली ती आधी बाळ्याला उतरली. चहा पिता पिता म्हणाली, "ताई, तुमी केलं तसंच आमी बी करावं म्हनतो. देवक आदी बसवायचं. त्यो अमरेश आलता इम्याचं सांगाय. मी म्हनलं, आमच्या ताईंचा इमा लई पक्का हाय, तुजं ठिव तुज्यापाशी." आणि ती हसली.

मायाक्का परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हाळसा, तुजी आई हाय का गं?"

"हाय की. करमाळ्याला, थोरल्याकडं. ठणठणीत हाय." म्हाळसाबाईनं कप खाली ठेवला. "का वं ताई? तिचा काय संबंध? आजोळचं सुतक कुटं लागतंय?"

"न्हाय लागत," मायाक्का म्हणाली.

तिनं पिठात पाणी घातलं, पुन्हा मळायला घेतलं.

"बस्ता फुडल्या आठवड्यात बांद. आदी करमाळ्याला जा. चार दिस ऱ्हा. आन् देवक आदी बसवायचं का न्हाय, त्ये तितनं आल्यावर मला इचार."

"तितनं आल्यावर काय सांगनार तुमी?"

"त्ये मलाबी ठावं न्हाय," मायाक्का म्हणाली. "तू आदी जाऊन ये."

म्हाळसाबाई थोडी घुश्शातच उठली. तिला शाबासकी घ्यायची होती आणि द्यायचीही होती, ते दोन्ही राहून गेलं. दारात चप्पल घालताना ती काहीतरी पुटपुटली. मायाक्कानं गोळा परातीत टाकला आणि थापायला सुरुवात केली.